सामाईक



आमची ताई यंदा एक्क्याऐंशीची झाली. दर रविवारी तिचा फोन येतो. तब्येतपाणी, पाऊस, आंब्याचा मोहोर असे सगळे विषय संपले की शेवटचा प्रश्न ठरलेला. "अरे, पण तू त्या कंप्युटरवर दिवसभर करतोस तरी काय?" गेली कित्येक वर्षं मी तिला "शाळेचं आणि वाचनालयाचं थोडं काम असतं गं" एवढंच सांगत आलोय. गंमत म्हणजे हा नाद मला लावला तो तिच्याच मुलाने! तर म्हटलं, ह्या खेपेला सगळं नीट लिहूनच काढावं. ताई, चष्मा लाव आणि वाच. मधे थोडा तांत्रिक भाग आहे. कंटाळा आला तर तो गाळ आणि शेवटाकडे जा, पूर्वी कादंबऱ्या वाचायचीस तशी.

मी बी.ए., तेही मराठी घेऊन. जन्मभर आठवी ते दहावीला मराठी शिकवलं, कोणी रजेवर असलं की इतिहासही. नोकरीत असताना सगळ्या शिक्षकांबरोबर एमएस-सीआयटी केलं. बहुतेकांनी सर्टिफिकेट सेवापुस्तकाला लावलं आणि विषय मिटवला, मला मात्र त्या यंत्राची गोडी लागली. २००७ साली निवृत्त झालो. त्याच मे महिन्यात भाचा आंबे खायला आला होता. तो पुण्याला जावा नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायची नोकरी करतो. मी त्याला म्हटलं, मलाही शिकव. तो हसला नाही, हे त्याचे माझ्यावर उपकार. "मामा, व्याकरण शिकवणाऱ्याला जावा जड जाणार नाही," म्हणाला. (जड गेली. पण ते जाऊ दे.)

वर्षभरात मी गावच्या वाचनालयाची पुस्तकं इंटरनेटवर शोधता येतील असा एक कार्यक्रम लिहिला. २००९ साली शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी दुसरा, कारण २०११ मध्ये शाळेचा सुवर्णमहोत्सव होता आणि जुन्या जनरल रजिस्टरातली सगळी नावं चढवायची होती. वाचनालयाचा पत्ता वेगळा, शाळेचा वेगळा. दोन संस्था, दोन कमिट्या, दोन खजिनदार. पण दोन्ही चालत होते भाच्याने भाड्याने घेतलेल्या एकाच सर्व्हरवर, एकाच टॉमकॅटच्या पोटात.

टॉमकॅट म्हणजे बोका. जावात लिहिलेली वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा हा प्रोग्रॅम सन कंपनीत जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिला आणि १९९९ साली तो अपाचेकडे गेला. स्वतःची काळजी स्वतः घेणारा प्राणी हवा, म्हणून त्यांनी हे नाव ठेवलं. आमच्या घरच्या बोक्याकडे बघता नाव सार्थ आहे. तर ह्या बोक्याला आपण जो गठ्ठा द्यायचा त्याला म्हणतात वॉर फाइल. युद्धाशी संबंध नाही, वेब ॲप्लिकेशनचं सगळं सामान बांधलेली ती पडशी. आणि त्या पडशीच्या आत, वेब-इन्फ नावाच्या कप्प्यातल्या लिब ह्या फोल्डरमध्ये, असतात जार. जार म्हणजे तयार कोडच्या बरण्या. एकदा घातलेलं लोणचं, पाहिजे त्या घरी न्यावं.

आता माझ्या बरणीत काय होतं ते सांगतो, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं.

आपण मुलांना वर्णमाला शिकवतो. त्यात ळ येतो ह च्या नंतर, आणि त्याच्याही मागून क्ष, ज्ञ. कंप्युटरला हे ठाऊक नाही. त्याच्याकडे युनिकोडचे क्रमांक. त्यात ल चा क्रमांक ०९३२, ळ चा ०९३३ आणि व चा ०९३५. म्हणजे नुसतं "क्रमाने लाव" म्हटलं की काळे येतात कावळ्यांच्या आधी. क्ष ला तर स्वतःचा क्रमांकच नाही. तो क, हलन्त आणि ष असा तिघांनी मिळून बनतो, त्यामुळे क्षीरसागर मंडळी क च्या शेपटाला लागून ख च्या आधी उभी राहतात. शोधतानाही तीच तऱ्हा. 'दुसऱ्या'मधला तो र दोन प्रकारे टाइप होतो आणि एका प्रकारात मधे एक अदृश्य अक्षर असतं! डोळ्यांना दोन्ही एक, यंत्राला दोन. जन्मभर मुलांच्या वह्यांत शुद्धलेखन तपासलं, पण न दिसणारी चूक तिथे कधी भेटली नव्हती.

ह्या सगळ्याला पुरून उरेल असा एक प्रोग्रॅम मी लिहिला. नावं वर्णमालेच्या क्रमाने लावायची आणि टाइप करायच्या निरनिराळ्या तऱ्हा एकच समजायच्या. त्याला नाव ठेवलं 'अक्षरक्रम'. फार मोठा नाही, सात-आठशे ओळींचा. पण ताई, माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीचा अर्क त्यात आहे, असं मला उगाचच वाटतं.

हा कोड लिहिला वाचनालयासाठी. शाळेचं काम निघालं तेव्हा मी काय केलं? तर सरळ त्या फाइली उचलल्या आणि शाळेच्या प्रोजेक्टात चिकटवल्या. नकलून काढणे हा शिक्षकाच्या हाताला लागलेला रोगच आहे. चार महिन्यांत दोन्ही नकला आपापल्या वाटेने गेल्या. वाचनालयात ळ दुरुस्त, शाळेत क्ष दुरुस्त, आणि दोन्हीकडे दोन्ही दुरुस्त आहेत असा माझा समज. भाच्याने हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मामा, एकच जार करा आणि दोन्ही ॲप्लिकेशन्सना द्या."

ती द्यायची कुठे, हा खरा प्रश्न. टॉमकॅट ५.५ मध्ये एक सोय होती. शेअर्ड नावाचा फोल्डर. त्यात ठेवलेली जार सगळ्या वेब ॲप्लिकेशन्सना दिसते, मग त्यांचे पत्ते काही का असेनात. मी तर हरखलोच. आम्ही कोकणातली माणसं, आम्हाला सामाईक हा शब्द सातबाऱ्यापासून माहीत. सामाईक विहीर, सामाईक पाणंद. एकदा विहीर उपसली की सगळ्या घरांना स्वच्छ पाणी. जार त्या फोल्डरमध्ये टाकली, दोन्हीकडच्या नकला पुसल्या आणि त्या रात्री शांत झोपलो.

पण सामाईक विहिरीवरून भांडणं किती होतात हेही आम्हालाच ठाऊक असायला हवं होतं.

झालं असं की, अक्षरक्रमबरोबर त्याच जारमध्ये मी पावती छापायचा कोडही ठेवला होता. पावतीवर संस्थेचं नाव लागतं. ते मी एका स्टॅटिक चलात ठेवलं. (चल म्हणजे व्हेरिएबल. ताई, बीजगणितातला क्ष समज.) स्टॅटिक म्हणजे त्या क्लासपाशी एकच, सगळ्यांना मिळून. प्रत्येक ॲप्लिकेशन सुरू होताना आपलं नाव तिथे लिहायचं. जोवर दोघांकडे आपापल्या नकला होत्या तोवर दोन क्लास, दोन चल, काही बिघडलं नाही. सामाईक फोल्डरमध्ये गेल्यावर क्लास एक, चल एक, आणि जो शेवटी सुरू होईल त्याचं नाव दोघांना! महोत्सवासाठी देणगी देणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला पावती मिळाली ती वाचनालयाच्या नावाने. शाळेचे खजिनदार छत्री आपटत घरी आले. "मास्तर, हा काय प्रकार? पैसे कोणाच्या खात्यात?" पैसे योग्य खात्यातच होते, पण छापील कागदापुढे तोंडी खुलासा चालतो का कधी?

रात्री दहाला पुण्याला फोन. भाचा म्हणाला, "आत्तापुरतं एक करा. जारची एक प्रत शाळेच्या स्वतःच्या लिबमध्ये टाका. टॉमकॅट आधी तिथेच बघेल. मग त्यांचं चल वेगळं, तुमचं वेगळं. स्टॅटिक काढायचं काम सावकाश करा."

हे 'आधी तिथेच बघेल' जरा समजून घेण्यासारखं आहे. जावात क्लास आणून देणारा एक हमाल असतो, त्याला क्लासलोडर म्हणतात. ह्या हमालांत वडील-मुलगा असं नातं असतं. जावाची नेहमीची रीत आज्ञाधारक मुलाची. काही हवं असलं की आधी वडिलांना विचारायचं, त्यांच्याकडे नसेल तरच आपल्या सामानात शोधायचं. टॉमकॅट वेब ॲप्लिकेशनपुरतं हे उलटं करतो. जावाचे मूळ क्लास आणि सर्व्हलेटचे क्लास सोडले, तर मुलगा आधी आपली पडशी धुंडाळतो, नाही मिळालं तर वडिलांकडे, म्हणजे सामाईक फोल्डरकडे जातो. वडिलांना मात्र मुलाच्या पडशीतलं कधीच दिसत नाही. (सामाईक जारला लागणारी दुसरी जार ॲप्लिकेशनच्या लिबमध्ये ठेवून मी एक आख्खा दिवस ह्यात घालवला आहे.) आणखी एक मजा म्हणजे जावाच्या लेखी क्लासची ओळख नुसत्या नावाने होत नाही, तो कोणत्या हमालाने आणला ह्यानेही होते. वाडीत एकाच नावाचे दोन इसम असले की आपण बापाचं नाव लावून ओळखतो ना, तसंच.

तर शाळेच्या लिबमध्ये प्रत टाकली. पावत्या सुधारल्या. पुढल्या पंधरवड्यात मी ते स्टॅटिक चलही काढून टाकलं, नवी जार सामाईक फोल्डरमध्ये ठेवली. आणि शाळेच्या लिबमधली ती 'आत्तापुरती' प्रत काढायची विसरलो.

आता मंडळी, मुख्य गोष्ट.

६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनाने देवनागरी लिपी आणि वर्णमालेबद्दल निर्णय काढला. त्यात ॲ आणि ऑ हे स्वर म्हणून वर्णमालेत बसवले. मी निवृत्त असलो तरी असा कागद हाती आला की दोनदा वाचतो. त्याच सुमारास माझ्या ध्यानात आलं की ह्या ॲ ची कंप्युटरात फार दैना आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ ह्या आवृत्तीत, आणि क्रमांक मिळाला ०९७२. म्हणजे ह च्याही पार पलीकडे, गावकुसाबाहेर. त्याआधीची माणसं आधी अ टाइप करून वर चंद्र देत. काही जण ए वरचा चंद्र, म्हणजे ऍ वापरत. आणि काही जण चुकून चंद्रबिंदू देत, अँ. चंद्राच्या पोटात टिंब आहे की नाही हे छोट्या अक्षरात कोण बघतो? दिसायला चौघे भाऊ, यंत्राला चौघे परके. 

आमच्या रजिस्टरातली नावं चढवली होती अकरावीच्या मुलांनी, सुट्टीत, वेगवेगळ्या कीबोर्डांवर. त्यामुळे चारही प्रकार मनसोक्त होते. मी २०१० च्या उन्हाळ्यात अक्षरक्रममध्ये दुरुस्ती केली. चारी रूपं एक समजायची आणि वर्णमालेत ए च्या शेजारी बसवायची. जार बनवली, सामाईक फोल्डरमध्ये ठेवली, टॉमकॅट पुन्हा सुरू केला. वाचनालयाच्या पत्त्यावर जाऊन 'ॲ' टाइप केलं. इंग्रजी लेखकांची भाषांतरं नीट रांगेत आली. छान. शाळेच्या पत्त्यावर जाऊन बघितलं नाही. कशाला बघायचं? कोड तर एकच आहे ना!

जानेवारी २०११. सुवर्णमहोत्सव. शाळेच्या पटांगणात मांडव, रांगोळ्या, सकाळी सरस्वतीपूजन, दुपारी जेवण. एका कोपऱ्यात टेबल मांडून दोन कंप्युटर ठेवले होते. आलेल्या माजी विद्यार्थ्याने आपलं नाव सांगायचं, मुलं ते शोधणार आणि रजिस्टरातली त्याची नोंद सुंदर कागदावर छापून हातात देणार. प्रवेशाची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख. ही कल्पना माझीच. त्या टेबलापुढे जेवणाच्या पंगतीपेक्षा मोठी रांग होती. माणसं साठीची, पण कागद हातात पडला की चेहरा चौथीतला. मी स्टेजवर पाहुण्यांच्या सरबराईत, लांबून बघत होतो आणि फुशारून गेलो होतो.

संध्याकाळी मांडव उतरत असताना टेबलावरच्या मुलाने एक कागद आणून दिला. "सर, एवढी नावं मिळाली नाहीत." पेन्सिलीने लिहिलेली अकरा नावं होती. मी चष्मा लावला. अकरांपैकी नऊ नावं ॲ ने सुरू होत होती.

मंडळी, ॲ ने कोणाची नावं सुरू होतात? ॲंथनी, ॲग्नेस, ॲलेक्स, ॲल्विन. आमच्या सिंधुदुर्गातल्या गावात ख्रिस्ती वाडी आहे, तीस-पस्तीस घरांची. त्यांची मुलं पहिल्यापासून आमच्याच शाळेत. दिवसभर रांगेत उभं राहून "तुमचं नाव नाही" ऐकून परत गेली ती जवळजवळ सगळी त्या वाडीतली माणसं होती. आमच्या मुलाने काही मुद्दाम केलं नव्हतं. त्याने नव्या कीबोर्डवर सरळ ॲ टाइप केलं, रजिस्टरात होता अ वर चंद्र, आणि शाळेच्या ॲप्लिकेशनने स्वतःच्या पडशीतली जुनी जार उघडून "नाही" म्हणून सांगितलं. सामाईक फोल्डरमधली नवी जार त्याने उघडलीच नाही. त्याला गरजच पडली नाही.

पण हे क्लासलोडरचं पुराण रांगेतल्या माणसाला काय माहीत? दोन दिवसांनी बाजारात त्या वाडीतल्या एका गृहस्थांनी मला थांबवलं. माझ्याहून थोडे लहान, शाळेच्या पहिल्या इमारतीला त्यांच्या वडिलांनी चिरे दिले होते. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "मास्तर, पन्नास वर्षांच्या रजिस्टरात आमचीच नावं कशी नाहीत?"

मी त्यांना रस्त्यात उभं राहून समजावायला लागलो. फोल्डर, जार, चंद्र. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. विश्वास बसला नाही हे मला दिसत होतं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता.

त्या रात्री मी शाळेच्या लिबमधली जुनी प्रत काढली. टॉमकॅट सुरू केला, 'ॲ' टाइप केलं. नऊच्या नऊ नावं समोर आली. सगळी दुरुस्ती पाच मिनिटांची.

दुसऱ्या दिवशी नऊ कागद छापून वाडीत घरोघर गेलो. कोणी चहा दिला, कोणी कागद घेऊन नुसतं "बरं" म्हटलं. एक बाई मुंबईला परत गेली होती. तिचा नंबर तिच्या चुलत भावाकडून घेतला. माझ्या वर्गात होती. १९७९ मध्ये नववीत असताना वडिलांची बदली झाली म्हणून शाळा सोडून गेली, दहावीच्या यादीत तिचं नाव कुठे असणारच नव्हतं. आमच्या शाळेत ती होती ह्याचा एकमेव पुरावा ते रजिस्टर. मी फोनवर सगळं सांगितलं, माफी मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "असू दे सर. मला वाटलं, मधेच शाळा सोडली ना, म्हणून नाव काढून टाकलं असेल."

मग भाच्याला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघांनी बसून सामाईक फोल्डर बंदच केला. (तसाही टॉमकॅट ६ पासून तो फोल्डर तयार मिळत नाही, हवा असेल तर सेटिंगच्या फाइलीत वेगळं सांगावं लागतं. म्हणजे हा ताप आम्हालाच झाला असेल असं नाही.) आता रीत अशी. अक्षरक्रमचा मूळ कोड एकाच जागी, तिसऱ्याच प्रोजेक्टात. दुरुस्ती तिथेच करायची, दुसरीकडे कुठेही हात लावायचा नाही. तिथून जार बनते, तिला क्रमांक असतो, १.३, १.४ असा. बदललेल्या जारला जुना क्रमांक द्यायचा नाही, हे भाच्याचं कडक व्रत. आणि मग तीच जार प्रत्येक ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या लिबमध्ये जाते. दोन घरांत दोन बरण्या, पण लोणचं एकाच घाण्यातलं आणि बरणीवर तारखेची चिठ्ठी. जागा थोडी जास्त लागते. लागू दे. माझ्या हट्टाने आणखी एक केलं. दोन्हीकडे पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत जारचा क्रमांक दिसतो. दोन पत्ते उघडले की कोण मागे राहिलाय ते लगेच कळतं.

ह्याचा फायदा २०१४ साली झाला. वाचनालयाने आपली जागा बदलली, दुसऱ्याच सर्व्हरवर गेलं. सामाईक फोल्डर असता तर त्या दिवशी वाटणीचा दावाच उभा राहिला असता, कारण दोन यंत्रांत फोल्डर सामाईक राहत नाही. इथे पडशी उचलली आणि निघाले.

तेव्हा भाच्याने एक नवी टूम काढली होती. अक्षरक्रमला स्वतःचाच पत्ता देऊ, दोन्ही ॲप्लिकेशन्स त्याला नेटवरून विचारतील. मग प्रत एकच. ऐकायला झकास. मी कागदावर गणित मांडलं. चार हजार नावं क्रमाने लावायला चाळीस-पन्नास हजार वेळा 'ह्या दोघांत आधी कोण' हे विचारावं लागतं. "सगळी यादी एकदम पाठवायची, मामा," तो म्हणाला. बरं, पण जून ते सप्टेंबर आमच्याकडे नेटची काय अवस्था असते? सर्व्हर पुण्यात आहे, पाऊस इथे आहे, दोन्हींचा संबंध नाही, असं तो म्हणतो. तो तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे. पण वर्णमाला कुठल्या क्रमाने म्हणायची हे परगावी विचारून यायचं, ही कल्पना मला सोसवली नाही. तो बेत राहिला. मोठ्या कंपन्यांत तसं करतात आणि त्यांना ते परवडतं, एवढं मी मान्य करतो.

लोक अधूनमधून विचारतात, शाळेच्या पत्त्यावर लॉगिन केलं तर वाचनालयाच्या पत्त्यावर पुन्हा का करायला लावता? ते निराळं प्रकरण आहे. कोड एक असला म्हणून ओळख एक होत नाही. प्रत्येक वेब ॲप्लिकेशनचं सेशन त्याचं त्याचं, आणि ब्राउझर एका पत्त्याची कुकी दुसऱ्या पत्त्याला दाखवत नाही. ते बरंच आहे म्हणायचं.

स्वतंत्र बरण्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर भाचा म्हणेल मामा एकतर्फी लिहितात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे नावाच्या जारमध्ये भयंकर खोट सापडली. ही जार प्रोग्रॅममध्ये काय काय घडलं त्याची रोजनिशी लिहिते, जगभरच्या जावा प्रोग्रॅमांत ती आहे, आमच्याही दोन्हीत होती. कोणी शोधायच्या चौकटीत एक विशिष्ट मजकूर लिहिला आणि तो रोजनिशीत गेला, की ती जार त्यात दिलेल्या परक्या पत्त्यावर जाऊन तिथला कोड आणून चालवू शकायची! वेगवेगळ्या पत्त्यांवर कोड वाटून घ्यायचा इतका घातक प्रकार मी तरी पाहिला नव्हता. २.१५ आली, ती पुरेशी नाही म्हणून २.१६, मग २.१७, मग २.१७.१, सगळ्या त्या एका महिन्यात. आणि प्रत्येक वेळी दोन्ही पडश्या सोडा, बरणी बदला, पुन्हा बांधा. दोन्ही एकाच यंत्रावर असती आणि सामाईक फोल्डर असता, तर काम निम्म्यात झालं असतं. आमच्या दोनच पडश्या होत्या. भाच्याच्या कंपनीत किती होत्या कोण जाणे, तो त्या नाताळात घरी आला नाही. ताई, तू तेव्हा त्याच्यावर रागावली होतीस. त्याचं कारण हे होतं.

अजूनही महिन्याकाठी काही ना काही निघतं. मागे शाळेतल्या नव्या मॅडमनी ज्ञ चा प्रश्न विचारला आणि त्यांचं बरोबर होतं. दुरुस्ती केली, नवी जार झाली. भाच्याने आता अशी व्यवस्था लावली आहे की जार बनतानाच शेदोनशे नावं आपोआप तपासली जातात, एक जरी चुकलं तरी जार बनतच नाही. त्यात ती नऊ नावं आहेत. तो म्हणतो, आता हाताने तपासायची काही गरज नाही, मामा.

मी त्याला बरं म्हणतो. मग दोन्ही पडश्या चढवतो, आधी शाळेचा पत्ता उघडतो, मग वाचनालयाचा. तिथे त्या बाईने लिहिलेलं पुस्तक वगैरे काही नाही, तरीसुद्धा दोन्हीकडे पहिलं तेच नाव टाइप करून बघतो. शाळेच्या पत्त्यावर १९७९ ची नोंद येते. वाचनालयाच्या पत्त्यावर "आढळले नाही" येतं, आणि तिथे तेच बरोबर आहे.

तर ताई, हे असं काम असतं. रविवारी फोन कर.